तिसऱ्या मजल्याच्या मागच्या काचांबाबत पुरवणी जबाब

बंगलोर, सोमवार, दि. १६ नोव्हेंबर १९९८. वेळ सकाळी ११.१५.

नाव : सूर्यकांत गजानन खांबेटे. वय : ४४ वर्षे. शिक्षण : एम.एस्सी., पदार्थविज्ञान. धंदा : इमारतींच्या काचा धुण्याचा व्यवसाय, गेल्या ऑगस्टपासून, त्यापूर्वी अठरा वर्षे एका उपकरण कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी. राहणार : मल्लेश्वरम, बंगलोर.

मी स्वतः ठाण्यात येऊन, कोणी न बोलावता, असे सांगतो की, मला कन्नड बोलता येते पण लिहिता येत नाही. म्हणून ठाण्याच्या साहेबांच्या परवानगीने हा जबाब मी माझ्या हाताने मराठीत लिहीत आहे. ठाण्यातील हवालदार श्री. योगीराज हे मूळ निपाणीचे असून त्यांना दोन्ही भाषा येतात. ते याचे कन्नड करणार आहेत. तारखा आणि वेळा माझ्या रोजनिशीवरून घेतल्या आहेत. ती मी सोबत आणली आहे.

दि. १२ रोजी इस्पितळात माझा पहिला जबाब घेण्यात आला. त्यात असे वाक्य आहे की, माझा कामगार परसू लगमा पाटोळे, वय ४१, याने "माझ्या सूचनेविरुद्ध, स्वतःच्या हलगर्जीपणाने" विजेच्या तारेजवळ काम केले व त्यात तो मरण पावला. त्याखाली सही माझी आहे. ते वाक्य खरे नाही. ते बदलावे म्हणून मी आलो आहे.

व्यवसायाबद्दल लिहिणे आवश्यक आहे, कारण त्याशिवाय पुढचे समजणार नाही. मार्च १९९७ मध्ये मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ शुभंकर टेंबे हा सॉफ्टवेअरमध्ये असून कामासाठी आठ महिने इंग्लंडमध्ये होता. तिथे त्याने एक माणूस फुटपाथवर उभा राहून दुसऱ्या मजल्याच्या काचा धुताना पाहिला. हातात लांब पोकळ काठी, टोकाला ब्रश, आणि काठीतून वर चढणारे पाणी. धुतल्यावर काच पुसायची नाही. ती तशीच वाळते. शुभंकरने जून १९९८ मध्ये तशी एक फायबरची काठी विमानातून आणली. काठीसोबत बारा सूचनांचे इंग्रजी पत्रक होते.

काच न पुसता स्वच्छ वाळायची तर पाण्यात क्षार असून चालत नाहीत. आमच्या घराच्या खिडकीवर मी पहिल्यांदा बोअरच्या पाण्याने करून पाहिले. दुपारी वाळल्यावर काचेवर देवी आल्यासारखे पांढरे ठिपके उठले. पत्नी आसावरी ते चार दिवस पाहुण्यांना दाखवत होती. कारखान्यात आम्ही बॅटरीसाठी पाणी शुद्ध करत असू. तीच पद्धत मी यशवंतपूरला एका शेडमध्ये मांडली. दोन उभ्या नळ्यांत राळेचे दाणे, वरून बोअरचे पाणी सोडायचे, खालून क्षार निघालेले पाणी घ्यायचे. ते ड्रममध्ये भरून टेम्पोने कामावर न्यायचे, आणि गाडीच्या बॅटरीवर चालणाऱ्या लहान पंपाने काठीत चढवायचे. या पाण्याबद्दल ऐकून हवालदार योगीराज आत्ताच म्हणाले, "काचांना असलं पाणी आणि आमच्या क्वार्टरला एक दिवसाआड नळ. काचच व्हायला पाहिजे होतं, सर." मी हसलो. हेही लिहितो.

परसू हा मूळ चिकोडी तालुक्यातला, पत्नी विठाबाईसह यशवंतपूर येथे राहणारा. बारा वर्षे तो रंगाच्या ठेकेदाराकडे दोरीवर लटकून इमारती रंगवत व धूत असे. एकदाही पडला नाही. मी त्याला घेतले ते याच कारणासाठी की, दोरीवर माणूस लटकवायचा नाही हीच माझ्या व्यवसायाची कल्पना होती. आमच्या जाहिरातीच्या पत्रकावर मी स्वतः वाक्य घातले होते : "आमचा माणूस जमिनीवर उभा असतो." काठी पहिल्यांदा हातात घेतल्यावर परसू म्हणाला, "अण्णा, ही काय मासे धरायची गळ हाय? जमिनीवर हुबं राहून पगार घेतला तर बायको म्हणंल, काम सोडलंस का काय."

सूचनांचे पत्रक मी त्याला मराठीत वाचून समजावले. रोजनिशीत ता. २२ ऑगस्ट आहे. नववी सूचना अशी की, विजेच्या तारांच्या जवळपास काठी उभी करू नये आणि धातूची काठी तर कधीच वापरू नये. ती मी वाचली. तो म्हणाला, "व्हय." मी पुढची वाचली. त्या दिवशी आमच्याकडे धातूची काठी नव्हती.

मारतहळ्ळी येथील एका सॉफ्टवेअर कंपनीची इमारत हे आमचे पहिले मोठे काम. तळमजला व वर तीन मजले. इमारतीची व्यवस्था श्री. जयसिंगराव पाहतात. ते बंगलोरच्या जुन्या मराठी घराण्यातले आहेत. दि. ३ ऑक्टोबर रोजी मी त्यांना प्रात्यक्षिक दिले. त्यांनी शंका काढली की, खिडक्यांखाली वातानुकूलन यंत्रे आहेत, दिव्यांची पाटी आहे. एवढे पाणी वर मारले तर शॉक बसणार नाही का? मी तयारीनेच गेलो होतो. दोन काचेची भांडी, बल्ब आणि दोन वायरी. एका भांड्यात त्यांच्या बोअरचे पाणी घेऊन वायरींची टोके त्यात सोडली. बल्ब मंद लागला. दुसऱ्यात आमचे पाणी घेतले. बल्ब लागला नाही. मी म्हणालो, "बघा. या पाण्यातून करंट जात नाही." जयसिंगराव म्हणाले, "सरी, सरी, ठीक आहे. शास्त्रज्ञ माणूस आहात तुम्ही." काम आम्हाला मिळाले.

परसू बादली धरून माझ्या शेजारी उभा होता. त्याने मला बल्ब पुन्हा लावायला सांगितला. मी पुन्हा लावला. तो दोन्ही भांड्यांकडे वाकून बघत होता. मला त्या वेळी बरे वाटले. एखाद्याला काहीतरी समजले की मला नेहमी बरे वाटते.

मी दाखवले ते खोटे नव्हते. पण ड्रममधले पाणी आणि काचेवरून ओघळणारे पाणी एक नव्हे. काचेवरची धूळ मिसळली की तेही साधे पाणी होते. हे मला माहीत होते. आणि काठीचा तर प्रश्नच तेव्हा निघाला नाही. कोणी विचारले नाही, मी सांगितले नाही.

इंग्लंडची फायबरची काठी दुसऱ्या मजल्यापर्यंतच पोचते. तिसऱ्या मजल्यासाठी आणखी लांब काठी हवी होती. शुभंकरने विचारून कळवले की ती जानेवारीपर्यंत येईल. तोवर थांबायला हवे होते. मी यशवंतपूरच्या औद्योगिक वसाहतीत ॲल्युमिनियमची काठी करवून घेतली, दि. २६ ऑक्टोबर. रोजनिशीत मी लिहिले आहे : "हलकी, सरळ, सुरेख झाली. नववी सूचना लक्षात ठेवणे." ही नोंद मी माझ्यासाठी केली. परसूला पुन्हा वाचून दाखवली नाही. समोरच्या व बाजूच्या काचांपाशी तार नव्हती, तिथे आम्ही ती काठी आठ दिवस विनातक्रार वापरली.

मागच्या बाजूस मात्र, इमारतीच्या भिंतीपासून अंदाजे आठ फुटांवर, मोठ्या दाबाची वीजवाहिनी आहे. तिसऱ्या मजल्यावर त्या बाजूला कंपनीचे कँटीन आहे. दोन तास वाहिनी बंद करून मिळावी असा वीज कार्यालयाच्या नावे अर्ज मी दि. ९ रोजी लिहिला. त्यावर इमारतीतर्फे सही लागते. जयसिंगराव म्हणाले, "दोन तास लाइट बंद? वरचे लोक मला खातील. शुक्रवारी परदेशी पाहुणे येणार, कँटीनमध्येच जेवणार. त्याआधी मागची बाजू झालीच पाहिजे. वायर म्हणता? ती बिल्डिंगच्या आधीपासून आहे. स्वल्प बाजूला धरा की काठी." मी अर्ज परत फाईलमध्ये ठेवला. नाही म्हणालो नाही. पहिलेच काम होते.

दि. १२, गुरुवार रोजी सकाळी ८.३० वाजता मी व परसू मारतहळ्ळीला पोचलो. दहापर्यंत समोरचे उरलेले काम झाले. पाणी दोनच ड्रम उरले म्हणून मी टेम्पोने यशवंतपूरला पाणी आणायला निघालो. टेम्पो चालू होता. परसूने दार धरून विचारले, "अण्णा, मागं वायर हाय न्हवं? तिथं कसं करायचं?"

मी म्हणालो, "आल्यावर बघू."

तो म्हणाला, "पाण्यात तर करंट न्हाई. तुमीच दावलंसा की."

मी म्हणालो, "हो, पाण्यात नाही."

हे माझे त्याच्याशी शेवटचे बोलणे. ते मी त्याच संध्याकाळी रोजनिशीत उतरवून ठेवले आहे आणि त्यात एक शब्दही नंतर घातलेला नाही. मी "मागे जाऊ नकोस" असे म्हणालो नाही. "काठी धातूची आहे" असे म्हणालो नाही. टेम्पोवाला घाई करत होता हे खरे आहे. पण ते वाक्य बोलायला जेवढा वेळ लागतो तेवढा माझ्यापाशी होता. त्याला प्रश्न पडला होता. तो मला विचारत होता. मी बरोबर उत्तर दिले आणि ते अर्धे होते.

पुढचे मी पाहिलेले नाही. इमारतीच्या पहारेकऱ्याकडून ऐकले ते असे : परसू सुमारे तासभर मागच्या दारापाशी बसून होता. सव्वाअकराच्या सुमारास जयसिंगराव तिथे आले आणि म्हणाले, "काय रे, सायेब येईपर्यंत बसूनच राहणार? दोन ड्रम पाणी आहे ना? उरकून टाक." परसू म्हणाला, "वायर हाय, जी." जयसिंगराव म्हणाले, "तुझ्या सायबानंच तर दाखवलं, ह्या पाण्याला करंट लागत नाही म्हणून. आता तूच भितोस?" परसू उठला. त्याने कँटीनच्या सहापैकी चार काचा धुतल्या. चौथीवरून पाचवीकडे जाताना काठी भिंतीपासून उचलावी लागते, तेव्हा तिचे वरचे टोक मागे झुकते. ते तारेला लागले. जयसिंगरावांचे म्हणणे असे की, ते तिथे नव्हतेच. याची चौकशी साहेबांनी करावी. मी तिथे नव्हतो, त्यामुळे त्याबद्दल मला काही सांगता येत नाही.

मी ११.५० वाजता पोचलो. इमारतीची वीज गेली होती. वरचे लोक जिन्यात आणि अंगणात उभे होते, काहींच्या हातात चहाचे कप होते. एकजण दुसऱ्याला विचारत होता, "लाइट कधी येणार?" परसू मागच्या भिंतीपाशी उताणा होता. त्याच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून कोणीतरी संगणकाच्या खोक्याचा पुठ्ठा आडवा लावला होता. मी त्याचे हात पाहिले. ते कसे होते ते पंचनाम्यात आहे. इस्पितळात नेल्यावर दाखल करण्यापूर्वीच मृत असे सांगण्यात आले.

गाडी येण्याची वाट पाहत असताना मी एकदा वर पाहिले. चार काचा वाळल्या होत्या. एकही ठिपका नव्हता. हे मी पाहिले, आणि पाहिल्यावर पाण्याबद्दल समाधान वाटले. ते क्षणभरच होते. पण होते, आणि ते मी घरी कोणाला सांगू शकलो नाही, म्हणून इथे लिहितो. चौकशीशी त्याचा संबंध नसेल तर साहेबांनी ते गाळावे.

इस्पितळात जबाब घेतला तेव्हा शुभंकर माझ्याजवळ बसला होता. तो म्हणाला, "भाऊजी, तुम्ही आत्ता इमोशनल होऊ नका. तुम्ही त्याला ते पॉइंट्स वाचून दाखवले होते ना? मग टेक्निकली तो तुमच्या इन्स्ट्रक्शनच्या अगेन्स्ट गेला. दॅट्स ऑल." वाक्य त्याने इंग्रजीत सांगितले, मी मान हलवली, लिहिणाऱ्याने लिहिले, मी सही केली. शुभंकरवर याचा दोष जाऊ नये. तो मला वाचवत होता. मी वाचायला तयार होतो.

दि. १४, शनिवार रोजी मी यशवंतपूरला विठाबाईंकडे गेलो. कंपनीकडून त्यांना दुखवट्याचे पत्र आले होते. शेजारच्या मास्तरांनी ते वाचून दाखवले होते. कंपनीची यात काही जबाबदारी नाही हे सांगण्यासाठी त्यात माझ्या जबाबातले वाक्य होते. विठाबाईंनी मला पाणी दिले आणि विचारले, "सायेब, हलगर्जी म्हंजे काय हो?"

मी सांगितले की, कामात लक्ष न देणे.

त्या म्हणाल्या, "लक्ष न्हवतं त्याचं? रोज सांजच्याला दोरी घेऊन बसायचा. वीत वीत बोटांनी चाचपायचा. एक धागा सुटला तर नवी दोरी मागायचा, ठेकेदाराच्या शिव्या खायचा. बारा वर्सं. लक्ष नसलेला माणूस बारा वर्सं वर लटकतो व्हय?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

त्या म्हणाल्या, "गावाकडं सासरा हाय. चिकोडीला कागद गेला तर तो म्हणंल, पोरगं आपल्या चुकीनं मेलं. मला दुसरं काय नको तुमच्याकडनं. तेवढं काढा त्यातनं."

मी म्हणालो की, काढायचे तर त्या जागी दुसरे लिहावे लागेल. त्या म्हणाल्या, "मग लिवा की. तुम्हास्नी येतंय न्हवं लिवायला?"

रविवारी घरी मी हे सांगितले. पत्नी आसावरी म्हणाली, "तुम्ही खरं लिहा, मी अडवत नाही. पण खरं आणि स्वतःला शिक्षा करून घ्यायची हौस यांतला फरक तुम्हाला कळतो का?" या प्रश्नाचा मी रात्रभर विचार केला. मला तो फरक खात्रीने कळत नाही. म्हणून वर मी फक्त झालेले बोलणे लिहिले आहे आणि माझा दोष किती, हे लिहिलेले नाही. ते ठरवणे माझ्याकडे नसावे. मात्र परसूचा दोष नव्हता एवढे मला ठरवता येते, आणि ते मी ठरवून सांगतो. त्याला धोका दिसला होता. त्याने दोनदा विचारले, एकदा मला आणि एकदा जयसिंगरावांना. दोघांनीही त्याला पाण्याबद्दल सांगितले.

तरी पहिल्या जबाबातील "माझ्या सूचनेविरुद्ध" व "स्वतःच्या हलगर्जीपणाने" हे दोन्ही शब्दप्रयोग रद्द समजावेत. त्या दिवशी मी परसूला कोणतीही मनाईची सूचना दिलेली नव्हती. ॲल्युमिनियमची काठी मी करवून घेतली होती. ती तारेजवळ वापरणे घातक आहे हे मला शिक्षणाने आणि पत्रकाने माहीत होते. त्याने ते पत्रकातून एकदा, ऑगस्टमध्ये, ऐकलेले होते.

साहेबांनी मला समजावून सांगितले की, आजवर मी या प्रकरणात साक्षीदार होतो आणि हा जबाब दिल्यानंतर तसा राहीनच असे नाही. वकिलाला विचारून उद्या येण्यास त्यांनी सुचवले. हवालदार योगीराज मराठीत म्हणाले, "सर, उद्या या. मी कागद फाडतो. कोणाला कळणार नाही." त्यांच्या भावनेबद्दल मी आभारी आहे. उद्या मी येईन की नाही याची मला खात्री नाही, म्हणून आजच लिहिले.

विठाबाई परसू पाटोळे या माझ्या विनंतीवरून ठाण्यात आल्या असून बाकावर बसल्या आहेत. त्यांना वाचता येत नाही. वरील सर्व मजकूर हवालदार योगीराज यांनी त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारले, "हलगर्जी गेलं का?" योगीराज म्हणाले, "गेलं, अक्का." मग त्या म्हणाल्या की, माझंबी एक लिवा. ते त्यांच्या शब्दांत असे :

"गुरुवारी सकाळी डबा घेताना म्हणला होता, मागं वायर हाय, मला भ्या वाटतंय. मी म्हणलं, मग करू नगं. तर म्हणला, आपल्याला काय कळतंय, सायेब शिकल्याला हाय."

हे त्यांनी सांगितले तसे मी लिहिले आहे. त्यात मला काही दुरुस्ती सुचवायची नाही.

हा जबाब मी कोणाच्या दबावाखाली न येता माझ्या हाताने लिहिला. तो मला मराठीत व कन्नडमध्ये वाचून दाखवण्यात आला. दोन्ही ठिकाणी मी सांगितले तेच आहे. वाचून झाल्यावर, यातील काही गाळायचे आहे का, असे साहेबांनी विचारले. मी नाही म्हणालो.

(सही) सूर्यकांत गजानन खांबेटे

समक्ष : हवालदार योगीराज

(निशाणी डाव्या हाताचा अंगठा) विठाबाई परसू पाटोळे, फक्त तिच्या वाक्यापुरती